रुळांकडेचं बुटकं रान

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या १:८७ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. छपराखालच्या अशा देखाव्यांत झाड ही सगळ्यात कमी कटकटीची वस्तू असते. तार, फोम, रंगवलेला भुसा असं काहीबाही वापरून ते एकदा केलं की वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. अधूनमधून धूळ झटकायची, बस.

गाडी अंगणात काढली की हा हिशेब उलटा होतो. इंजिन, डबे, सिग्नल, फलाटावरची माणसं हे सगळं दुकानात मापात मिळतं. झाडं मात्र खरी लावावी लागतात, कारण भुशाचं झाड एका पावसाळ्यात विरघळतं आणि प्लॅस्टिकचं झाड खऱ्या मातीत, खऱ्या उन्हात फारच केविलवाणं दिसतं. खरं झाड लावलं की ते वाढतं, आणि वाढलं की मापातून जातं. युरोप-अमेरिकेत गार्डन रेल्वेचा छंद जुना आहे. तो करणाऱ्यांचा बराचसा वेळ गाड्या चालवण्यात जात असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो कात्री घेऊन गुडघ्यांवर बसण्यात जातो.

या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण इंग्लंडमधलं बेकनस्कॉट. लंडनमध्ये हिशेबनीस असलेल्या रोलंड कॅलिंगहॅम यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या घरामागच्या बागेत हे खेळण्यातलं गाव वसवलं, ते १९२९ साली लोकांसाठी खुलं झालं. घरातली मॉडेल रेल्वे तरी बाहेर जाईल नाहीतर मी तरी, असं बायकोने बजावल्यामुळे ती बागेत गेली, अशी एक गोष्ट तिथे हमखास सांगतात. खरी असो-नसो, पटते. या गावातली घरं बाराव्या हिश्शाची आहेत आणि गाड्या त्याहून बऱ्याच लहान, साधारण बत्तिसाव्या हिश्शाच्या. म्हणजे कागदावर दोघांचा मेळ बसत नाही. पण घराशेजारची झुडपं घराला शोभतील अशी छाटलेली, रुळांकडेची झुडपं गाडीला शोभतील अशी छाटलेली, त्यामुळे बघणाऱ्याच्या ही गफलत लक्षात येत नाही. डोळा पट्टी घेऊन मोजत नाही, शेजारच्या वस्तूशी ताडून बघतो. पुढे हेगला १९५२ मध्ये सुरू झालेलं मादुरोदाम बेकनस्कॉटवरूनच सुचलेलं. तिथलं सगळं १:२५ या एकाच मापात आहे, आणि तिथेही कालव्याकाठची झाडं खरी, जिवंत, सतत छाटून लहान ठेवलेली आहेत.

घरोघरी हा छंद पसरला तो मात्र जर्मनीतल्या एका खेळण्यामुळे. न्यूरेंबर्गच्या लेमान या जुन्या कारखान्याने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ नावाची दणकट गाडी बाजारात आणली. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, माप १:२२.५. आल्प्समधल्या मीटर गेज गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हे माप ठरवलं होतं, एक मीटरला साडेबावीसने भागलं की साधारण तेवढं येतं. डबे ऊन-पाऊस सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे, रूळ पितळी. ते बर्फात पडून राहिले तरी चालतात. पुढे अमेरिकेत १९८४ साली डेन्व्हरहून ‘गार्डन रेल्वेज’ हे मासिक निघालं आणि गाड्यांइतकीच झाडांची चर्चा छापू लागलं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये १९९२ पासून हिवाळ्यात भरणारा रेल्वेचा देखावा तर पॉल बुसी या लँडस्केप आर्किटेक्टच्या कामामुळे गाजला. तिथली ब्रुकलिन ब्रिजसारखी बांधकामंसुद्धा झाडांच्या साली, काटक्या, शेंगा आणि बिया वापरून केलेली असतात. पण त्या वाळलेल्या वस्तू. जिवंत झाडाची गोष्ट वेगळी.

ती वेगळी का, ते आकड्यांत बघू. १:२२.५ मापात पावणेसहा फुटी माणूस पावणेआठ सेंटीमीटरचा होतो. पंधरा मीटर उंच आंबा ६७ सेंटीमीटरचा. इथवर काही अडत नाही, तेवढ्या उंचीची रोपं कुठल्याही नर्सरीत मिळतात. पण आंब्याचं पान वीस सेंटीमीटर लांब असतं, मापात ते नऊ मिलिमीटर व्हायला हवं. आता उलट बाजूने हिशेब करा. तुळशीचं चार सेंटीमीटरचं पान गाडीतल्या प्रवाशाच्या नजरेने नव्वद सेंटीमीटरचं आहे, म्हणजे त्याच्या कमरेएवढं. दहा सेंटीमीटरचं जास्वंदीचं फूल सव्वादोन मीटरचं, ते एकटं स्टेशनमास्तरचं ऑफिस झाकून टाकेल. नीट कापलेली, जेमतेम पाच सेंटीमीटरची हिरवळ म्हणजे छातीला लागणारं गव्हाचं उभं पीक. थाइम नावाच्या सुवासिक वनस्पतीचे जमिनीलगत पसरणारे प्रकार आहेत, त्यांतल्या ‘एल्फिन’ जातीचं पान दोन-तीन मिलिमीटरचं असतं. हे गाडीच्या जगात पाच-सहा सेंटीमीटरचं, बोरीच्या पानाएवढं होतं. म्हणून थाइम चालतो, तुळस चालत नाही. झाड लहान असण्याशी इथे फारसं देणंघेणं नाही. पान लहान हवं, दोन पानांमधलं पेर आखूड हवं आणि फूल आलंच तर तेही बेताचं हवं.

काही गोष्टींचं माप कुणालाच जुळवता येत नाही. थाइमवर येणारी मधमाशी या जगात पारव्याएवढी असते आणि शेजाऱ्यांचं मांजर हत्तीच्या जवळजवळ दुप्पट उंच. त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

पानानंतरचा अडथळा खोडाचा, आणि तो जास्त मजेशीर आहे. लहान पानाचं ६७ सेंटीमीटरचं रोप मिळालं तरी ते झाड वाटत नाही, रोपच वाटतं. का? गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात याचं मूळ सांगून ठेवलंय. आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं, पण आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. त्यामुळे मोठ्या गोष्टींना प्रमाणापेक्षा जाड खांब लागतात. हार्वर्डमधल्या टॉमस मॅकमोहन यांनी १९७३ मध्ये झाडांच्या बाबतीत हे गणित नेमकं मांडलं. आपल्याच भाराने खोड वाकू नये, तर उंची वाढते त्यापेक्षा खोडाची जाडी झपाट्याने वाढावी लागते. उंची चौपट झाली की जाडी आठपट. आता हे नातं उलट चालवून बघा. पंधरा मीटरच्या झाडाचं खोड साठ सेंटीमीटर जाड असेल, तर त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती २.७ सेंटीमीटर जाड खोडाची हवी. पण निसर्गाच्या नियमाने वाढलेल्या ६७ सेंटीमीटरच्या रोपाला एवढ्या जाड खोडाची गरजच नसते. त्याचं काम साधारण सहा मिलिमीटरच्या काडीवर भागतं. हिशेब ढोबळ आहे, पण नर्सरीत जाऊन कुठल्याही रोपाला हात लावला तरी तो पटतो.

फांद्यांचंही असंच. मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या स्वतःच्या वजनाने आडव्या होतात, टोकाशी झुकतात. कोवळ्या रोपाच्या फांद्या हलक्या, त्या आभाळाकडे तोंड करून उभ्या राहतात. आपण लांबून एखादं झाड बघतो आणि क्षणात त्याच्या वयाचा अंदाज बांधतो, तो खोडाची जाडी आणि फांद्यांचा झुकाव यांवरूनच. म्हणून रुळांशेजारी लावायचं झाड वयाने थोराड आणि उंचीने खुजं हवं. बोन्साय करणाऱ्यांना हे गणित न मांडताच ठाऊक होतं. आधी भरपूर वाढू द्यायचं, खोड पोसलं की वरून कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा कापायचं. गार्डन रेल्वेवाले त्यांच्याकडून अर्धी विद्या उसनी घेतात. अर्धीच, कारण बोन्साय एका कुंडीत एक असतं आणि रोज हाताखालून जातं. इथे शंभर-दीडशे झाडांचं रान सांभाळायचं असतं.

या रानात एक झाड जवळजवळ प्रत्येक थंड देशातल्या बागेत दिसतं, ते म्हणजे बुटका अल्बर्टा स्प्रूस. नर्सरीवाले त्याला ‘कोनिका’ म्हणतात. हिरवागार, दाट, नीट शंकूच्या आकाराचा, सुया सेंटीमीटरभर. त्याची जन्मकथा या लेखासाठीच घडावी अशी आहे. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटमचे जॉन जॅक आणि आल्फ्रेड रेडर हे दोघे वनस्पतितज्ज्ञ १९०४ साली कॅनडाच्या रॉकी पर्वतात लॅगन या स्टेशनापाशी होते. आज त्या ठिकाणाला लेक लुईस म्हणतात. गाडीची वाट बघता बघता जवळपास फिरायला गेले आणि पांढऱ्या स्प्रूसची काही विचित्र बुटकी रोपं त्यांना सापडली, असं सांगतात. जगभर आज विकला जाणारा कोनिका त्या सापडलेल्या रोपांच्या फांद्यांपासून वाढवलेला आहे.

असं बुटकेपण येतं कुठून? कधी बीमध्येच फरक असतो, जसा लॅगनच्या रोपांमध्ये होता. कधी धडधाकट मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवरची एकच कळी बदलते आणि तिथून पुढे आखूड पेरांचा, गच्च काड्यांचा झुबका वाढू लागतो. इंग्रजीत त्याला चेटकिणीचा झाडू म्हणतात. त्या झुबक्यातली काडी कलम केली की बुटकी जात तयार. खोडाची वाढ नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांचा तोल तिथे बिघडलेला असतो, आणि त्या बिघाडाचीच आपल्याला गरज असते.

बिघाड कधीकधी दुरुस्त होतो, ही खरी अडचण. कोनिकाच्या गुळगुळीत शंकूतून एखाद्या वर्षी अचानक एक फांदी सुसाट बाहेर येते. तिच्या सुया लांब, पेरं मोकळी. ती पूर्वजांकडे परतलेली फांदी असते, मूळ पांढऱ्या स्प्रूसची. दिसताक्षणी बुंध्यापासून कापली नाही तर दोन-चार वर्षांत ती अख्ख्या झाडावर राज्य करते. शिवाय ‘बुटकं’ हा शब्द नर्सरीच्या पाटीवर सढळपणे लिहिलेला असतो. अमेरिकन कोनिफर सोसायटीच्या वर्गवारीत वर्षाला अडीच ते पंधरा सेंटीमीटर वाढणारं झाड बुटकं गणलं जातं, अडीचपेक्षा कमी वाढणारं अतिलहान. कोनिका वर्षाला पाच ते दहा सेंटीमीटर वाढतो. पाच धरले तरी गाडीच्या जगात ते वर्षाला एक मीटरच्या वर जातात. नर्सरीत गोंडस दिसलेलं रोप दहा वर्षांत स्टेशनच्या छपरावर सावली धरून उभं राहतं.

कोनिकाला झाडाचं रूप कसं देतात ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. दुकानातून आणलेलं रोप म्हणजे जमिनीपासून शेंड्यापर्यंत गच्च भरलेला हिरवा शंकू. खोड दिसतच नाही. आधी बोटांनी खालच्या फांद्या बाजूला करून खोड शोधायचं. मग खालचा पाव ते तिसरा हिस्सा पूर्ण मोकळा करायचा, फांद्या खोडालगत कापायच्या, खुंट ठेवायचा नाही. एवढ्यानेच झुडपाचं झाड होतं, कारण आता त्याला बुंधा दिसतो आणि बुंध्याखालून गाडी जाताना दिसते. मग आत साठलेल्या वाळक्या तपकिरी सुया झटकायच्या. दाट झाडाच्या पोटात ऊन पोचत नाही, तिथे लाल कोळी नावाची अतिसूक्ष्म कीड वस्ती करते आणि कोनिकाचा तो सगळ्यात मोठा शत्रू आहे. त्यानंतर खरी कलाकुसर. उरलेल्या फांद्यांमधून मधल्या मधल्या काही काढून मजले पाडायचे, म्हणजे फांद्यांचे आडवे थर आणि मध्ये आभाळ. हाताला लागेल ती काडी कापायची नाही, एक काढायची, चार पावलं मागे जायचं, बघायचं. शेवटी शेंडा थोडा खुडायचा, कारण वाऱ्या-बर्फात शंभर वर्षं काढलेल्या डोंगरी झाडाला टोकदार शेंडा क्वचितच असतो. पंधरा-वीस मिनिटांत नर्सरीतलं बाळ आजोबा होतं. माझ्या मते या सबंध छंदातला सगळ्यात समाधानाचा भाग हाच असावा, गाडी चालवण्यापेक्षाही.

बाकीच्या मंडळींची ओळख भरभर करून देतो. पानझडी झाडांसाठी चायनीज एल्मच्या ‘सेजू’सारख्या बारीक पानांच्या जाती, खडबडीत सालीमुळे त्या लवकर वयस्क दिसतात. दाट गोल झाडांसाठी बुटका बॉक्सवुड. उभ्या सरूसारख्या झाडासाठी ज्युनिपरची ‘कॉम्प्रेसा’ ही जात, अगदी सावकाश वाढणारी. जमिनीवर सॅजिना, जो शेवाळासारखा दिसतो पण शेवाळ नसतो. कॉर्सिकन पुदिना, ज्याचं पान तांदळाच्या दाण्याएवढं आणि पाय पडला की पेपरमिंटचा दरवळ. ‘बेबीज टिअर्स’ सुंदर दिसते आणि ओलसर जागी सगळं गिळते, तिला बागेत घ्यायचं का यावर मतभेद आहेत. मी घेणार नाही. सीडमचे लहान प्रकार खडकाच्या खाचेत शोभतात, पण त्यांची पानं टचकन तुटून रुळांवर पडतात आणि पडतील तिथे रुजतात.

आता ही झाडं कशी मांडायची, याला काही शास्त्र आणि बराचसा अंदाज लागतो. नवशिके लोक प्रत्येक जातीचं एकेक झाड आणतात आणि ओळीने लावतात. त्याने नर्सरीचं प्रदर्शन होतं, रान होत नाही. खऱ्या डोंगरउतारावर दोन-तीन जातींचीच गर्दी असते, म्हणून एकाच जातीची सात-नऊ झाडं, वेगवेगळ्या उंचीची, कमीजास्त अंतरावर लावली की डोळा त्याला जंगल म्हणून स्वीकारतो. त्यातही जाड पोताची, गडद हिरवी झाडं पुढे आणि बारीक पानांची, निळसर-राखाडी झाक असलेली मागे ठेवली तर चार मीटरचा वाफा दूरवर पसरलेला वाटतो. हवेतल्या विखुरलेल्या प्रकाशामुळे लांबचे डोंगर निळे दिसतात, त्या सवयीचा हा फायदा. आणखी एक गोष्ट: खरी रेल्वे विनाकारण वळत नाही. डोंगर, नाला, गाव आडवं आलं तरच वळते. बागेत जागा कमी म्हणून वळणं जास्त, तेव्हा प्रत्येक वळणाच्या पोटात एक टेकाड नाहीतर झाडांचा गच्च पुंजका ठेवतात. रूळ त्याला वळसा घालून गेल्यासारखे वाटतात. गाडी पुंजक्यामागे दिसेनाशी होते आणि क्षणभराने दुसरीकडून निघते. ती सतत दिसत राहिली तर वर्तुळात फिरतेय हे लगेच कळतं.

झाडं आणि रूळ यांचं फारसं सख्य नसतं. रुळांखाली बारीक कचेचा, म्हणजे क्रशरवरच्या चुऱ्याचा थर देतात. पाणी झिरपून जावं, रूळ हलू नयेत आणि मुळांना तिथे काही खायला मिळू नये म्हणून. तरी मुळं घुसतात आणि रूळ उचलतात. एका बाजूचा रूळ दोन-तीन मिलिमीटर वर आला की वळणावर डबा उलटलाच. त्यामुळे जोमदार झाडं रुळांपासून दूर लावतात, नाहीतर कुंडीसकट पुरतात. कुंडीने मुळं आवरतात, वाढही मंदावते, आणि बदलायची वेळ आली तर कुंडी उपसून काढता येते. फांद्यांसाठी सगळ्यात लांब डबा रुळांवरून हाताने ढकलत नेतात. वळणावर लांब डब्याची मधली बाजू आत येते आणि टोकं बाहेर जातात, तेव्हा सरळ रुळावर न अडणारी फांदी वळणावर अडते. जिथे पान घासलं तिथे कात्री.

पानगळ हा या प्रकरणातला आणखी एक उपद्रव. ब्रिटनमध्ये दर शरद ऋतूत खऱ्या गाड्या पानांमुळे रखडतात, आणि लोक त्यावर विनोद करतात. पण कारण खरं आहे. ओली पानं चाकांखाली रगडली जाऊन रुळावर काळपट, बुळबुळीत, टणक लेप बसतो आणि पोलादी चाकांची पकड जाते. पाण्याचे जोरदार फवारे मारणाऱ्या खास गाड्या पाठवून तो काढावा लागतो. बागेतल्या रेल्वेत हेच घडतं, फक्त शत्रू जास्त. पान, चीक, गोगलगाय, पाइनची सुई. त्यात ज्या गाड्या रुळांतून वीज घेतात त्यांना रूळ चकचकीत लागतात, पानाचा चीक बसला की वीज तुटते आणि इंजिन जागीच उभं राहतं. या त्रासाला कंटाळून बरेच जण बॅटरी आणि रेडिओ कंट्रोलकडे वळले. इंग्लंडमध्ये खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांचं वेड मोठं आहे, गॅसवर किंवा स्पिरिटवर चालणारी. ती असतील तर उन्हाळ्यात वाळकं शेवाळ आणि कोरडं गवत रुळांपासून लांब ठेवावं लागतं, सांडलेल्या स्पिरिटने पेट घ्यायला वेळ लागत नाही.

बागकाम करणाऱ्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे खत न घालणं. हाडाचा माळी रोप बघितलं की शेणखत शोधतो. इथे रोप उपाशी ठेवायचं असतं, मरू द्यायचं नाही एवढंच. निकृष्ट, मुरमाड, पाणी न साचणारी माती उत्तम. नत्र मिळालं की पानं मोठी होतात, पेरं लांबतात आणि मापाचं सगळं गणित कोसळतं. पाणी मात्र वेळेवर हवं, कारण लहान मुळांचा पसारा वरच्या वीतभर मातीतच असतो आणि ती माती लवकर सुकते.

हे सगळं आपल्याकडे जमेल का? स्प्रूस, सॅजिना, कॉर्सिकन पुदिना ही थंड देशांतली मंडळी, मुंबई-पुण्यात एप्रिल काढणार नाहीत. पण आपल्याकडे दुसरी माणसं आहेत. चिंच घ्या. तिचं पान पिसासारखं, बारीक पर्णिकांचं, एकेका पर्णिकेची लांबी दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर, आणि कुंडीत वाढवलं, छाटलं की त्याहून लहान. दहा सेंटीमीटरचं अख्खं पान लांबून फांदीसारखं वाटतं. पर्णिका रात्री मिटतात, हा वरचा फायदा. आवळा, शमी, बाभूळ दिसायला याच चालीची. जेडच्या नावाने नर्सरीत मिळणारं मांसल पानांचं झुडूप खोड लवकर पोसतं, त्यामुळे तीन-चार वर्षांतच म्हातारं दिसतं, आणि पाण्याचा खाडा सहन करतं. मोरपंखी कोनिकाची जागा काही वर्षं चालवेल, पुढे ती हाताबाहेर जाते. दाट छत्रीच्या झाडासाठी बारीक पानांचे फायकस. कामिनी हिरवी असेपर्यंत छान, बहरली की पंचाईत, कारण छाटणीने पान लहान होतं, फूल होत नाही, आणि दीड सेंटीमीटरचं फूल गाडीशेजारी ताटाएवढं दिसतं. जमिनीसाठी पायलिया, तीच जी कुंड्यांच्या कडेला आणि ओल्या विटांच्या फटीत न लावता उगवते आणि आपण उपटून टाकतो. तिची काही मिलिमीटरांची पानं आणि आडव्या काड्या बघितल्या की गाडीशेजारचं जंगल कुणी फुकट दिलंय असं वाटतं.

मला वाटतं आपल्याकडे यासाठी सगळ्यात योग्य नमुना नेरळ-माथेरानचा. १९०७ साली सुरू झालेली, २१ किलोमीटरची, ६१० मिलिमीटर रुंदीची ही लाइन. इंग्लंडमध्ये १:१९ मापात, ३२ मिलिमीटरच्या रुळांवर दोन फुटी गाड्यांची मॉडेल करतात, त्यात ही नेमकी बसते. मूळ गाडीच नागमोडी वळणं घेत चढते, त्यामुळे बागेतली आखूड वळणं इथे खोटी वाटणार नाहीत. लाल जांभ्याचा चुरा टाकला, मागे फायकस आणि पुढे जांभळाच्या जागी बारकी कामिनी ठेवली की निम्मं काम झालं.

अडचणी मात्र आपल्या स्वतःच्या असतील. गच्चीवर रूळ टाकले तर उन्हात ते वाढतात. पितळेचा दहा मीटर रूळ पहाटेच्या आणि भर दुपारच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला की साडेसात मिलिमीटर लांबतो, सांध्यांत मोकळीक ठेवली नसेल तर बाकदार होतो. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला कच वाहून जाते, म्हणून ती चर खणून, कडा बांधून भरावी लागेल. आणि पावसाळ्यातली वाढ. इंग्लंडमध्ये वर्षातून दोन-तीनदा भागणारी छाटणी कोकणात श्रावणात आठवड्याला करावी लागेल. शेवाळ जुलैत स्वतःहून येईल, फुकट आणि अप्रतिम, आणि ऑक्टोबरात तपकिरी होईल. तेव्हा ते खरवडायचं नाही. शेवाळ मरत नाही, वाळून थांबतं, पाणी मिळालं की काही तासांत हिरवं होतं.

कितीही छाटलं तरी दहा-पंधरा वर्षांत काही झाडं मापाबाहेर जातातच. तेव्हा मालकांपुढे तीन वाटा असतात. एक, झाड तसंच ठेवून त्याच्याभोवतीचं गाव हलवायचं. दोन, ते बुंध्याशी कापून खुंटाचा देखावा करायचा, शेजारी ओंडक्यांचा ढीग आणि लाकूड वाहणारे डबे. तीन, उपसून मोठ्या बागेत लावायचं, जिथे कोनिका निवांत तीन-चार मीटरपर्यंत वाढतो. बहुतेक जण तिसरी निवडतात. रिकाम्या जागेत कोवळं रोप लावलं तर शेजारच्या वयस्क झाडांत ते लगेच उघडं पडतं, म्हणून अनुभवी लोक कुंपणालगत पाच-दहा कुंड्या कायम तयार ठेवतात. त्यांतल्या रोपांची आधी दोन-तीन वर्षं कुंडीतच छाटणी होते, बुंधा मोकळा होतो, मजले पडतात, आणि मगच त्यांची रुळांशेजारी बदली होते.